भुयारी स्टेशनचा खड्डा इतकी वर्षं का चालतो, आणि शेजारच्या इमारतीने काय बघावं

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. सातारा रस्त्याला लागून तुमची चार मजली सोसायटी आहे, १९८४ साली बांधलेली. स्वारगेट–कात्रज भुयारी मेट्रोचं एक स्टेशन समोरच होणार असं कळलंय, माती तपासायचं बोअरचं मशीनही येऊन गेलंय. बोगदा खणणारं यंत्र जमिनीखालून निघून जातं आणि वर कुणाला पत्ता लागत नाही, मग स्टेशनसाठी रस्ता काही वर्षं उकरून का ठेवायचा, तेच यंत्र स्टेशनही का खणत नाही, असं तुम्ही विचारलंय. आणि अगदी शेवटच्या ओळीत लिहिलंय की आई ७९ वर्षांच्या आहेत, तळमजल्यावर राहतात, त्यांना तोवर दुसरीकडे हलवावं का.

मला वाटतं शेवटची ओळ हाच तुमचा खरा प्रश्न आहे. यंत्राबद्दलची उत्सुकता आहेच, पण मनात घोळतंय ते घराचं आणि आईंचं काय होणार हे. म्हणून दोन्हींचं उत्तर देते, कारण स्टेशन कसं खणतात हे कळल्याशिवाय घराला धोका कुठून येऊ शकतो हे कळत नाही.

मी जिओटेक्निकल इंजिनिअर आहे, म्हणजे जमिनीचं आणि पायाचं काम बघणारी. गेली २२ वर्षं खोल खोदकामांवर आहे, त्यातली बरीचशी मुंबईत. तुमच्या बाबतीत तीन आकड्यांवर सगळं अवलंबून आहे: तुमच्या इमारतीचा पाया किती खोल आणि कशावर टेकलाय, त्या जागी खडक किती मीटरवर लागतो, आणि स्टेशनची भिंत तुमच्या भिंतीपासून किती दूर आहे. हे आकडे तुम्हाला मिळवता येतात, आणि ते हातात आले की खाली लिहिलेल्यातलं काय तुम्हाला लागू आहे ते तुम्हीच ठरवू शकाल.

आधी यंत्राचं. टीबीएमचं, म्हणजे बोगदा खणणाऱ्या यंत्राचं, तोंड गोल असतं आणि त्याचा व्यास ठरलेला असतो, मेट्रोच्या एका मार्गिकेला साडेसहा मीटरच्या आसपास. तेवढ्या नळीत एक गाडी मावते. स्टेशनला मात्र दोन मार्गिका, मधला दहा-बारा मीटरचा फलाट, जिने, सरकते जिने, लिफ्ट, हवेचे मोठे पंखे, ट्रान्सफॉर्मरच्या खोल्या, तिकीट मजला असं सगळं लागतं. म्हणजे वीस-बावीस मीटर रुंद, दोनशे मीटरच्या आसपास लांब आणि दोन-तीन मजले उंच पेटी जमिनीखाली बसवायची. गोल नळीने ती होत नाही. शिवाय टीबीएम खाली उतरवायला आणि वर काढायला खड्डा लागतोच, आणि तो बहुधा एखाद्या स्टेशनचाच असतो.

मुंबईच्या मेट्रो ३ चं उदाहरण बघा. ३३.५ किलोमीटर, २७ स्टेशनं, त्यातली २६ जमिनीखाली. १७ टीबीएमनी तिथले बोगदे खणले आणि ते काम २०२२ अखेर पूर्ण झालं. गाडी धावली ती आरे ते बीकेसी ऑक्टोबर २०२४ मध्ये, वरळीपर्यंत मे २०२५ मध्ये आणि कफ परेडपर्यंत ऑक्टोबर २०२५ मध्ये. मधल्या काळात रूळ, वीज, सिग्नल ही कामं होतीच, पण आम्ही साइटवरचे लोक ज्या तारखेकडे डोळे लावून बसायचो ती बोगद्याची क्वचितच असायची. बहुतेक वेळा ती एखाद्या स्टेशनची असायची.

रस्ता न उकरता स्टेशन खणता येतं का? येतं. काळबादेवी, गिरगाव, ग्रँट रोड इथे रस्ते इतके अरुंद आणि दोन्ही बाजूंच्या इमारती इतक्या जुन्या की वरून अख्खा खड्डा घेणं शक्यच नव्हतं. तिथे मिळेल त्या जागेत शाफ्ट म्हणजे विहिरीसारखा उभा खड्डा उतरवून, खडकात आडवं शिरून, थोडं थोडं खणत फलाटाच्या गुहा केल्या. एक-दीड मीटर पुढे जायचं, लगेच छताला शॉटक्रीट म्हणजे फवाऱ्याने मारायचं काँक्रीट लावायचं, रॉक बोल्ट म्हणजे खडक धरून ठेवणाऱ्या लोखंडी सळ्या ठोकायच्या, छत किती खाली आलं ते मोजायचं, मग पुढचा मीटर. हिला आम्ही एनएटीएम म्हणतो. ऐकायला ही पद्धत सगळ्यांनाच आवडते, कारण वरचा रस्ता बराचसा वाचतो. पण गुहेच्या डोक्यावर पुरेसा जाड आणि चांगला खडक हवा, वेळ जास्त लागतो, खर्च जास्त, आणि आत काम करणाऱ्या माणसांची जोखीमही जास्त. जिथे रस्ता रुंद आहे तिथे मी वरून खणण्याच्याच बाजूने मत देईन. सातारा रस्ता त्यात मोडतो असं मला वाटतं. अंतिम निवड तिथल्या बोअरहोलवर आणि रस्त्यावर किती जागा मिळते त्यावर ठरते.

वरून खणायच्या पद्धतीला कट अँड कव्हर म्हणतात. तीत पहिले कित्येक महिने तुम्हाला खोदकाम असं दिसणारच नाही. पत्रे लागतील, वाहतूक सरकेल आणि काहीच होत नाहीये म्हणून लोक चिडतील. त्या काळात जमिनीखालचं सामान हलवलं जातं: पाण्याच्या मोठ्या लाइन, ड्रेनेज, गॅस, वीज, टेलिफोनच्या केबल. नकाशात दाखवलेली लाइन नकाशातल्या जागी निघेलच असं नसतं, म्हणून आधी कुदळ-फावड्याने हातखणीचे चाचणी खड्डे घेतात. तुमच्या पट्ट्यात आणखी एक जपायची गोष्ट आहे, कात्रजचा नळ. नानासाहेब पेशव्यांच्या काळात कात्रजच्या तलावाचं पाणी शहरात आणायला बांधलेला तो जमिनीखालचा मार्ग आणि त्याच्यावरचे उच्छ्वास, म्हणजे हवेसाठी बांधलेले मनोरे. अठराव्या शतकातलं हे काम पोकलेनच्या एका फटक्यात जाऊ शकतं. तिथे हाताने खणणारा माणूस हवाच, आणि असं काही सापडलं की काम थांबवून नोंद करायची हे कंत्राटात आधीच लिहिलेलं हवं. मला ही गोष्ट मनापासून महत्त्वाची वाटते, कारण खड्ड्यातलं बाकी सगळं परत बांधता येतं.

मग भिंत. लोकांना वाटतं आधी खड्डा खणतात आणि मग भिंत बांधतात. प्रत्यक्षात जमिनीत आधी भिंत उतरवतात आणि मग तिच्या आतली माती काढतात. पुण्याच्या जमिनीत वर भराव किंवा काळी माती, खाली मुरूम, मग झिजलेला खडक आणि मग काळा पाषाण असा क्रम साधारण मिळतो. वरच्या मऊ भागासाठी बहुधा सीकंट पाइल करतात. एकाआड एक काँक्रीटचे खांब ओतायचे आणि मधले खांब आजूबाजूच्या खांबांना थोडं कापत उतरवायचे, म्हणजे सलग भिंत तयार होते. हे खांब खडकात रुतवतात. त्याखाली खडकच भिंतीचं काम करतो, त्याला बोल्ट आणि शॉटक्रीटचा आधार देऊन.

इथे एक बारकावा. आपला खडक लाव्ह्याच्या एकावर एक पसरलेल्या थरांनी झालेला आहे. दोन थरांच्या मध्ये कधी कधी तांबडा मातकट थर लागतो, आम्ही त्याला रेड बोल म्हणतो. वरचा पाषाण इतका कठीण की खडक फोडायच्या ब्रेकरचं टोक तापून बोथट होतं, आणि त्याच्या बुडाशी हा थर नखाने खरवडता येईल असा. पाणी लागलं की तो आणखी मऊ होतो आणि त्याच्यावर टेकलेला खडकाचा ठोकळा सरकू शकतो. म्हणून "इथे खडक आहे, काळजी नको" असं कुणी म्हणालं तर मी लगेच बोअरहोलचे नमुने उघडून दाखवायला सांगते. पेटीत ओळीने मांडलेल्या त्या काळ्या दांड्यांमध्ये मधेच तांबडा चुरा किंवा रिकामी जागा दिसली, तर खड्ड्याचा आराखडा त्या जागेसाठी वेगळा करावा लागतो.

भिंत झाली की खणायचं, पण एकदम नाही. तीन-चार मीटर उतरायचं, समोरासमोरच्या भिंतींमध्ये आडवे जाड लोखंडी पाइप बसवायचे, जॅकने त्यात दाब भरायचा, मग पुढचे तीन-चार मीटर. या पाइपांना स्ट्रट म्हणतात. जागा असेल तर स्ट्रटऐवजी भिंतीमागच्या जमिनीत अँकर, म्हणजे भिंतीला मागे ओढून धरणाऱ्या तारा किंवा सळ्या, घेतात, पण मग ते अँकर शेजाऱ्याच्या हद्दीखाली जात नाहीत ना हे बघावं लागतं. तुमच्या सोसायटीने हे नक्की विचारा. स्ट्रट बसायच्या आधी खालची माती काढायची नाही, हा नियम साइटवरच्या प्रत्येकाला पाठ असतो. आणि वेळापत्रक मागे पडलं की मोडला जातो तोही हाच. मी ज्या दोन-तीन वेळा साइटवर आवाज चढवला आहे त्या याच कारणासाठी.

कधी कधी उलट क्रमाने करतात. भिंत आणि मधले खांब झाले की आधी छताचा स्लॅब ओततात, त्यावर रस्ता परत सुरू करतात आणि खालून खणत जातात. रस्ता लवकर मोकळा होतो आणि भिंत कमी हलते. पण सगळा मक म्हणजे राडारोडा दोन-तीन भोकांतूनच वर काढायचा असल्याने, कठीण पाषाणात हे काम फार रेंगाळतं. मधला मार्ग म्हणून अर्ध्या खड्ड्यावर लोखंडी डेक टाकून त्यावरून वाहनं सोडता येतात. म्हणजे रस्ता एकूण जितकी वर्षं अडलेला दिसतो, तितकी वर्षं तो पूर्ण बंद ठेवायलाच हवा असं मुळीच नाही. वाहतुकीचा टप्प्याटप्प्याचा आराखडा मागायचा तुम्हाला हक्क आहे.

आता वेळ कुठे जातो ते हिशेबाने बघू. समजा खड्डा २०० मीटर लांब, २२ मीटर रुंद, २० मीटर खोल आहे. आकारमान झालं ८८,००० घनमीटर. खडक फोडला की फुगतो, दीडपट धरा, म्हणजे १,३२,००० घनमीटर. एका डंपरमध्ये १२ घनमीटर धरले तर ११,००० फेऱ्या. जड वाहनांना शहरात दिवसा बंदी असते, म्हणून बहुतेक फेऱ्या रात्री. रोज रात्री ६० डंपर भरले, एकही रात्र चुकली नाही, तरी १८० च्या वर रात्री लागतात. प्रत्यक्षात पाऊस असतो, सण असतात, टाकायची जागा बदलते, स्ट्रट बसवायला थांबावं लागतं, वर खडक फोडायलाच वेळ जातो. त्यामुळे नुसतं खोदकामच वर्ष-दीड वर्षाचं होतं. त्याच्या आधीचं लाइन हलवणं आणि पाइल, त्याच्या नंतरचं तळापासून वर येणारं काँक्रीट, भराव आणि रस्ता, हे सगळं धरून चार वर्षांच्या खाली मी सहसा बोलत नाही.

खडक फोडण्याचे दोन मार्ग. एक म्हणजे पोकलेनला लावलेला हायड्रॉलिक ब्रेकर, जो सकाळपासून ठोकत राहतो. दुसरा नियंत्रित स्फोट, म्हणजे बारीक भोकांत थोडी थोडी दारू भरून, प्रत्येक भोकाला काही मिलिसेकंदांचा फरक देऊन, वर जड रबरी मॅट टाकून उडवायचं. लोक स्फोटाच्या नावाने घाबरतात आणि ब्रेकरला होकार देतात. माझा अनुभव असा की नीट आखलेला स्फोट दिवसातून ठरलेल्या वेळी काही सेकंदांचा असतो, तर ब्रेकरचा ठणठणाट महिनोन्‌महिने. घरातल्या म्हाताऱ्या माणसांना ब्रेकर जास्त छळतो.

कंपनाला मर्यादा ठरलेल्या आहेत. खाण सुरक्षा महासंचालनालयाच्या १९९७ च्या परिपत्रकात राहत्या घरांसाठी, कंपनाची वारंवारता ८ हर्ट्‌झच्या खाली असेल तर सेकंदाला ५ मिलिमीटर, ८ ते २५ हर्ट्‌झला १० आणि त्याच्या वर १५ मिलिमीटर अशी कमाल पातळी दिली आहे. ऐतिहासिक आणि नाजूक वास्तूंसाठी हेच आकडे २, ५ आणि १० आहेत. माणसाला मात्र घरात बसून ०.३ मिलिमीटरसुद्धा जाणवतं. म्हणजे कपाटातली भांडी वाजली, आईंच्या छातीत धस्स झालं, तरी इमारतीच्या दृष्टीने ते कंपन मर्यादेच्या कितीतरी खाली असू शकतं. हे सांगून त्यांची भीती जाणार नाही, पण कंपनमापकाचा रोजचा आकडा सोसायटीच्या फलकावर लागला तर बराच फरक पडतो. हे मी होताना पाहिलं आहे.

आता पाणी. माझ्या कामातली निम्मी झोप पाण्याने घालवली आहे, म्हणून इथे जरा थांबते.

मुंबईतल्या एका जागेवर, जुलै महिन्यात, खड्डा अकरा-बारा मीटर खोल गेला होता. दोन पाइलच्या सांध्यातून करंगळीएवढी धार येत होती. अशा धारा खड्ड्यात असतातच, पाइप लावून त्या खालच्या संपमध्ये, म्हणजे पाणी साठवायच्या खळग्यात, सोडतात आणि पंप लावतात. दुपारच्या चहाच्या वेळी आमच्या मुकादमांनी आपला स्टीलचा पेला त्या धारेखाली धरला, भरला आणि बाजूच्या वेलरवर, म्हणजे भिंतीलगतच्या आडव्या लोखंडी तुळईवर, ठेवून दिला. चहा झाल्यावर मला हाक मारली, "मॅडम, हे बघा." वरचं पाणी नितळ झालं होतं आणि पेल्याच्या तळाला बारीक पिवळसर गाळाचा थर बसला होता. सकाळी तसा नव्हता; ते सकाळपासून तासातासाने तो पेला भरून बघत होते, म्हणून हे कळलं. म्हणजे पाणी आता एकटं येत नव्हतं, भिंतीमागची जमीन बरोबर घेऊन येत होतं.

खणणं तिथल्या तिथे थांबवलं. सांध्याच्या तोंडाशी जिओटेक्स्टाइल म्हणजे गाळणीसारखं कापड आणि खडीच्या गोण्या रचल्या, पाणी निघावं पण माती अडावी अशा. मी वर रस्त्यावर धावले. फुटपाथ दिसायला अगदी ठीक होता, पण पहारीच्या टोकाने पेव्हर ब्लॉक ठोकत गेलो तर एका ठिकाणी बद्द आवाज आला. चार ब्लॉक उचलले आणि खाली हंड्याएवढी पोकळी. नऊ मीटरवर एक जुनी इमारत होती. रात्रभर ग्राउट म्हणजे सिमेंटचा पातळ लगदा भरला, सांधा मागून बंद केला, आणि इमारतीवरची मापं दोन दिवस दर दोन तासांनी घेतली. काही हललं नाही. पण ती धार आणखी आठवडाभर तशीच वाहिली असती तर काय झालं असतं, हे मला आकड्यात सांगता येतं आणि सांगावंसं वाटत नाही.

याच कारणाने जर्मनीतल्या कोलोन शहरात ३ मार्च २००९ ला शहराचं ऐतिहासिक अभिलेखागार कोसळलं. शेजारी भुयारी रेल्वेचं खोल खोदकाम चालू होतं, जमिनीतल्या भिंतीत एका ठिकाणी दोष राहिला होता, तिथून पाणी आणि वाळू खड्ड्यात आली आणि इमारतीखालची जमीनच निघून गेली. बाजूच्या घरांतली दोन माणसं गेली. पुण्यात तशी वाळू नाही, जमीन खूपच बरी आहे. पण भराव आणि ओढ्याकाठची माती आहे, आणि तिथे हीच गोष्ट लहान प्रमाणात होऊ शकते.

पाण्याची दुसरी बाजू कमी लोकांना माहीत असते. स्टेशनची पेटी रिकामी असते आणि भोवतीचं भूजल तिला खालून उचलत असतं. पाणी जमिनीखाली ४ मीटरवर आणि तळ २० मीटरवर असेल तर तळाच्या दर चौरस मीटरला १६ टनांचा धक्का वर येतो. २०० गुणिले २२ मीटरच्या तळाला मिळून सत्तर हजार टनांच्या वर. म्हणून तळाचा स्लॅब इतका जाड असतो आणि छत, भिंती, वरचा भराव यांचं वजन पुरेसं होईपर्यंत पंप बंद करता येत नाहीत. खड्ड्यात काम थांबलेलं दिसलं आणि पंप मात्र रात्रंदिवस चालू दिसले, तर त्याचं कारण हे असतं.

पंपांमुळे तुमच्या सोसायटीची बोअर आटू शकते. आपल्या खडकात पाणी भेगांतून फिरतं, त्यामुळे एकाची बोअर जाते आणि शेजारची जशीच्या तशी राहते. काम सुरू होण्याआधी बोअरची पाणीपातळी मोजून, तारीख घालून लेखी नोंद करून ठेवा. पाणी उपसल्याने जमीन खचण्याची भीती मुंबईत मिठी नदीच्या आसपासच्या सागरी चिकणमातीत मोठी असते. तुमच्याकडे मऊ मातीचा थर पातळ असेल तर ही काळजी बरीच कमी.

आणि आंबिल ओढा. २५ सप्टेंबर २०१९ ची पुराची रात्र तुमच्या भागातल्या कुणाला मी सांगायला नको. ओढ्याच्या खोऱ्यात उघडा खड्डा असेल तर त्याच्या भोवतीचा काँक्रीटचा कठडा कोणत्या पूरपातळीपेक्षा उंच धरलाय, हे विचारा. मे २०२५ मध्ये मुंबईत आचार्य अत्रे चौक स्टेशनात पाणी शिरलं ते काम चालू असलेल्या प्रवेशमार्गाकडून. मुख्य पेटी पूर्ण झाल्यावरसुद्धा जिन्यांची आणि प्रवेशाची तोंडं कमजोर राहतात, आणि ती बहुतेक वेळा सगळ्यात शेवटी बांधली जातात.

आता तुमची इमारत. १९८४ ची चार मजली म्हणजे बहुधा आरसीसी आणि उथळ पाया, मुरमावर किंवा झिजलेल्या खडकावर. नकाशे महापालिकेत किंवा जुन्या सेक्रेटरींच्या कपाटात सापडतील, आधी ते शोधा. पाया खडकावर असेल आणि खड्डा पंधरा-वीस मीटर दूर असेल तर माझ्या हिशेबाने तुम्ही बऱ्यापैकी निर्धास्त. पाया भरावावर किंवा मातीवर असेल आणि खड्डा सहा-सात मीटरवर असेल तर इमारत तज्ज्ञाकडून वेगळी तपासून घ्यायला हवी, आणि तो खर्च प्रकल्पाने करायला हवा. सगळी इमारत सारखी पाच मिलिमीटर खाली गेली तर कुणाला कळणारही नाही. एक कोपरा गेला आणि दुसरा राहिला तर भिंतींना तिरक्या भेगा पडतात, दारं चौकटीत अडकायला लागतात. मापं याच फरकाची घेतात.

त्यासाठी भिंतीवर छोटे परावर्तक लावतात आणि दुरून टोटल स्टेशन नावाच्या मोजणीच्या दुर्बिणीने वाचतात. कलमापक, भेगांवर मोजपट्ट्या, जमीन आडवी किती सरकली ते मोजायला जमिनीत इन्क्लिनोमीटर, भूजलासाठी पीझोमीटर. प्रत्येकाला तीन पातळ्या ठरवलेल्या असतात: पहिलीला लक्ष वाढवायचं, दुसरीला उपाय करायचा, तिसरीला काम थांबवायचं. उपकरणं सगळीकडे लागतात. मी नेहमी विचारते ते दुसरंच: तिसरी पातळी ओलांडली तर काम थांबवायचा अधिकार कोणाच्या हातात आहे, आणि तो माणूस खोदकामाच्या वेळापत्रकाला बांधलेला आहे का.

सिंगापूरला २० एप्रिल २००४ ला निकोल हायवेजवळ मेट्रोचा तीसेक मीटर खोल खड्डा कोसळला, चार माणसं गेली. स्ट्रट आणि भिंतीला टेकणाऱ्या वेलरचा सांधा कमकुवत आखला होता हे कारण चौकशीत निघालं. पण त्याच चौकशीत हेही निघालं की भिंत मर्यादेपेक्षा जास्त वाकतेय असं मापं आधीपासून सांगत होती, आणि गणित पुन्हा मांडून मर्यादाच वाढवली गेली होती. आमच्या धंद्यात आलेल्या प्रत्येक नव्या मुलामुलीला मी हे सांगते. मर्यादा बदलायची असेल तर ती बदलणारा, तपासणारा आणि मान्य करणारा अशी तीन वेगळी माणसं हवीत, आणि बदलाचं कारण लेखी हवं. तुमच्या सोसायटीने पहिल्याच बैठकीत एवढंच विचारलं तरी समोरच्या माणसाला कळेल की इथे आकडे वाचणारं कुणीतरी आहे.

आईंबद्दल. इमारत पडेल या भीतीने त्यांना आज हलवू नका, त्याला मला कारण दिसत नाही. आवाज, धूळ आणि रात्रीचे डंपर मात्र खरे आहेत. ७९ व्या वर्षी झोप मोडणं आणि श्वासाला त्रास होणं हे माझ्या लेखी भेगेपेक्षा मोठं नुकसान आहे. सगळी वर्षं सारखी वाईट नसतात. तुमच्या बाजूची पाइल चालू असताना, आणि नंतर तुमच्या समोरच्या टप्प्यात ब्रेकर चालू असताना, हे दोन काळ सगळ्यात जड जातात, आणि दोन्ही काही आठवडे ते काही महिन्यांचे असतात. त्यांच्या अंदाजे तारखा प्रकल्पाच्या जनसंपर्क माणसाकडून काढा आणि तेवढ्यापुरतं त्यांना बहिणीकडे, भावाकडे किंवा इमारतीतच मागच्या बाजूच्या फ्लॅटमध्ये ठेवता येतं का बघा. घर आणि माणसं ओळखीची राहिली तर त्यांना सोपं जाईल. रस्त्याकडच्या खिडक्यांना चांगल्या सीलच्या स्लायडिंग काचा आत्ताच बसवून घ्या. रात्रीच्या कामाच्या वेळा लेखी घ्या, आणि मोडल्या तर प्रत्येक वेळी तारीख-वेळ लिहून तक्रार द्या, तोंडी नको.

एक काम मात्र पुढे ढकलू नका. खोदकामाआधी प्रकल्पाकडून इमारतीची पाहणी करायला माणसं येतात. प्रत्येक खोलीतल्या भेगा, ओल, फरशा, दारं यांची फोटोंसकट नोंद होते आणि तिची सही केलेली प्रत तुम्हाला मिळायला हवी. पुढे भेग दिसली तर ती आधीची की नंतरची हे ठरवणारा दुसरा पुरावा नसतो. बरीच कुटुंबं त्या दिवशी दार उघडत नाहीत, किंवा घाईघाईने भिंत रंगवून घेतात, आणि मग तीन वर्षांनी माझ्यासारखीला त्यांच्या बाजूने बोलायचं असूनही हातात काही नसतं. त्यामुळे पाहणीच्या आधी भिंती रंगवू नका. ती माणसं यायच्या आदल्या दिवशी आईंच्या खोलीतलं कपाट भिंतीपासून हातभर पुढे ओढून ठेवा, म्हणजे मागची भिंतही फोटोत येईल.